प्रबोध केळुसकरचा पाण्याखालचा कॅमेरा

प्रबोध केळुसकर दहा-बारा वर्षं बोटींवर मरीन इंजिनियर होता. लग्न झालं, मुलगी झाली, तेव्हा तो सिंगापूरला एका शिपिंग कंपनीत किनाऱ्यावरच्या नोकरीला लागला. जहाज बंदरात आलं की त्यावर जायचं, यंत्रं तपासायची, काय दुरुस्त करायचं ते ठरवायचं, असं त्याचं काम. आम्ही तिथल्या वेस्ट कोस्ट भागात एकाच कॉन्डोत, म्हणजे एकाच इमारतींच्या संकुलात राहायचो. त्याची बायको मेधा आणि माझी बायको विनीता यांची मैत्री आधी झाली, आमची त्यांच्या मागून.

इतकी वर्षं समुद्रावर काढलेल्या या माणसाला पाण्याची भीती वाटायची. पोहता येत होतं, पण नावापुरतं. मी चेष्टा केली की म्हणायचा, "अरे संजीव, आमचा आणि समुद्राचा संबंध काय? इंजिन थंड करायला लागतं ते पाणी. त्यापलीकडे बघायला वेळ कुणाला होता?"

मेधाचं उलटं. ती रत्नागिरीची. पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली. तिचे वडील, अप्पा, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. घरात पुस्तकांच्या कपाटाशेजारी फॉर्मॅलिनच्या बाटल्या, त्यात तारामासे, समुद्रकाकड्या, बिनकवचाच्या समुद्री गोगलगायी. सगळ्यांचा रंग उतरून मेणासारखा झालेला. अप्पा वर्गात पुस्तक उघडून सांगायचे, ही जांभळी असते, हिच्या कडेला नारिंगी झालर असते. मुलं बाटलीतल्या पांढऱ्या गोळ्याकडे बघून मान डोलवायची. मेधा हे सांगताना हसायची, पण ते तिच्या मनात राहिलेलं होतं.

त्यामुळे स्कूबा डायव्हिंगची कल्पना तिचीच. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या फेरी टर्मिनलवर ते इंडोनेशियातल्या बाताम बेटावर जायला उभे होते, तेव्हा तिला हवेच्या टाक्या घेऊन चाललेला चिनी मुलामुलींचा घोळका दिसला. ती सरळ त्यांच्याकडे गेली आणि त्यांच्या डायव्हिंग क्लबचा फोन नंबर घेऊन आली. एकटीला कसं पाठवायचं म्हणून प्रबोधनं तिच्याबरोबर नाव घातलं. ही चौऱ्याण्णवची गोष्ट. आधी तलावात, मग सिंगापूरजवळच्या पुलाउ हांतू बेटाच्या गढूळ पाण्यात त्यांचं शिक्षण झालं आणि त्यानंतर मलेशियातल्या पुलाउ आऊर बेटावर पहिली खरी सहल. त्यांची मुलगी जाई तेव्हा नऊ वर्षांची होती. ती आमच्याकडे राहिली.

परत आला तो प्रबोध वेगळाच होता. मला म्हणाला, "खाली उतरताना मी डोळे मिटले होते. मेधानं माझा हात धरला होता. तिनं हात दाबला तेव्हा उघडले. काय सांगू तुला!" खरंच त्याला सांगता आलं नाही. नुसते हात पसरून दाखवले.

दर रविवारी मेधा अप्पांना फोन करायची. आता त्या फोनवर माशांशिवाय विषय नसायचा. अप्पा खोदून खोदून विचारायचे. शेपटीला ठिपका होता का, डोळ्यावरून पट्टा होता का. एकदा मेधा म्हणाली, "अप्पा, थांबा, मी कॅमेराच घेते. तुम्हाला फोटो पाठवते." तेव्हा अप्पा म्हणाले, "मासे मी जन्मभर पाहिले गं, मेलेले का होईना. तू खाली कशी दिसतेस ते मला बघायचंय. तो एक फोटो पाठव." फोन स्पीकरवर होता. प्रबोध तिथेच बसून हे ऐकत होता. ही गोष्ट त्यानं मला पुढे एकदा नव्हे, दोन-तीनदा सांगितली. की मी तिथेच बसलो होतो.

मेधानं कॅमेरा पाहून ठेवला होता. पेनिन्सुला प्लाझातल्या एका दुकानात, काचेच्या कपाटात. छोटा, पिवळा, तसाच पाण्यात न्यायचा. अंगचाच फ्लॅश. जाड हातमोज्यातही फिरतील अशी दोन मोठी बटणं. रोल भरायचा, झाकण लावायचं, उतरायचं.

प्रबोधनं तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाला, "हे खेळणं आहे गं. घ्यायचाच तर नीट घेऊ."

आणि त्याचा अभ्यास सुरू झाला. इंजिनियरच तो. मासिकं आणली, कॅटलॉग मागवले, क्लबातल्या फोटो काढणाऱ्यांना जेवायला बोलावलं. आमच्याकडे आला की मलाही ऐकावं लागायचं. पाणी लाल रंग खाऊन टाकतं, म्हणून खाली सगळं निळं-हिरवं दिसतं, म्हणून फ्लॅश पाहिजे. फ्लॅश कॅमेऱ्याला चिकटून असला तर पाण्यातले कण चमकतात आणि फोटोत बर्फ पडल्यासारखा दिसतो, म्हणून फ्लॅश लांब दांड्यावर पाहिजे, आणि शक्यतो दोन पाहिजेत. कॅमेरा आणि वस्तू यांच्यात जितकं पाणी कमी तितका फोटो स्वच्छ. म्हणून एकतर अगदी जवळून काढता येईल अशी लेन्स घ्यायची, लहान जीवांसाठी, नाहीतर रुंद लेन्स घ्यायची, माणसं आणि मोठी दृश्यं यांच्यासाठी. यातलं एकही वाक्य चूक नव्हतं. मी त्यातलं काही कधी पाण्याखाली जाऊन पडताळलं नाही, पण ज्यांनी पडताळलं त्यांनीही तो बरोबर बोलतो असंच सांगितलं.

मेधा अधूनमधून विचारायची, "ठरलं का?" तो म्हणायचा, "घाईत घेऊन पस्तावायचं नाही." अशा घोळात डायव्हिंगचा एक अख्खा हंगाम गेला. पावसाळी वाऱ्यांनी बोटी बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या. आऊरला त्यांच्या तीन-चार फेऱ्या झाल्या आणि अप्पांना पाठवायला काही नव्हतं.

शेवटी त्यानं निवडलं ते असं. त्याचा नेहमीचाच एसएलआर कॅमेरा, त्याच्यासाठी ॲल्युमिनियमची पाणबंद पेटी, तिला दोन बाजूंना दांडे आणि दांड्यांवर दोन फ्लॅश. पेटीचं दार दोन खटक्यांनी बंद व्हायचं आणि दाराच्या खाचेत रबराची गोल रिंग. त्या रिंगवर त्याचा जीव जडला. जन्मभर त्यानं पंपांच्या आणि व्हॉल्व्हच्या रिंगाच तर बदलल्या होत्या. घरी आणल्यावर तो जेवणाच्या टेबलावर पंचा अंथरून तिला ग्रीस लावत बसायचा आणि कुणी जवळ आलेलं त्याला चालायचं नाही. एक केस अडकला तरी पाणी आत येईल. जाई वैतागून सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची, "पप्पा, वन हेअर ओन्ली, लाह!"

लेन्स मात्र एकच घेता येणार होती. प्रत्येक लेन्सला पेटीची वेगळी काच लागायची आणि तीही महाग. दुकानात त्या दिवशी मीही होतो, सहज बरोबर गेलेलो. दुकानदार तरुण चिनी माणूस होता. त्यानं दोन्ही लेन्सा काउंटरवर ठेवल्या आणि विचारलं, "हू विल यूज? यू ऑर युअर वाइफ?"

"बोथ," प्रबोध म्हणाला.

मेधानं जवळच्या फोटोंची लेन्स उचलून त्यातून दुकानाच्या दाराकडे पाहिलं. "यात मी मावेन का?"

"माणसाचा फोटो यानं नीट येत नाही. लांब जावं लागतं, मग मध्ये पाणी येतं. ती रुंद लेन्स पुढच्या वर्षी घेऊ."

"मग आधी तीच घेऊ ना."

"अगं, शिकताना लहान वस्तू सोपी जाते. सगळे हेच सांगतात. आणि अप्पांच्या गोगलगायी काढायच्यात की नाही?"

मेधानं लेन्स खाली ठेवली. "बरं," म्हणाली.

पेटी, दांडे, फ्लॅश सगळं जोडून त्यानं तिच्या हातात दिलं. तिनं दोन्ही हातांनी धरलं आणि लगेच परत दिलं. "बाई गं, हे तूच धर."

त्यानंतर खाली त्यांची कामं वाटली गेली. कुणी वाटली नाहीत, आपोआप झालं. मेधाची नजर तीक्ष्ण. प्रवाळाच्या फटीत नखाएवढी गोगलगाय तिला दिसायची. ती बोटानं दाखवायची, मग प्रबोध गुडघे टेकून बसायचा आणि ती बाजूला तरंगत थांबायची. एका प्राण्याचे आठ-दहा फोटो. टाकीतली निम्मी हवा एकेका दगडापाशी संपायची. पूर्वी ती दोघं उताराच्या कडेकडेनं लांबवर जायची, कासवामागे जायची. आता ते थांबलं. विनीताला मेधा एकदा म्हणाली होती, "मला तिथे थंडी वाजायला लागते, गं. हलायचंच नाही म्हटल्यावर." तक्रार म्हणून नाही, अशीच बोलली.

फोटो मात्र अप्रतिम यायचे. तो स्लाइडचे रोल वापरायचा. धुऊन आले की खिडकीशी उजेडात धरून एकेक बघायचा. जांभळ्या गोगलगायीची नारिंगी झालर, अगदी अप्पांच्या पुस्तकातल्यासारखी. मलाही दाखवायचा आणि मीही वा वा करायचो.

शहाण्णवच्या ऑगस्टमध्ये ते पुन्हा आऊरला गेले. मेधाला थोडी सर्दी होती. जाऊ नकोस, असं विनीतानं तिला सांगितलं होतं. पण बोट ठरलेली, सगळे निघालेले. शनिवारी सकाळी पहिल्या डाइव्हला दोघं उतरले. खाली जाताना कानावर दाब येतो, तो नाक धरून हळूहळू सोडवावा लागतो. सुटला नाही तर थोडं वर यायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. हे पहिल्याच धड्यात शिकवतात. मेधाचा डावा कान सुटेना. प्रबोध तिच्या पुढे बराच खाली गेला होता. त्याला एका दगडावर गोगलगायींची जोडी दिसली होती, एकमेकींना वेटोळं घातलेली. तो बसून पेटी सरळ करत होता. मेधानं वरून खूण केली. कानाकडे बोट आणि हात आडवा डोलवायचा, म्हणजे त्रास होतोय.

त्यानं ती खूण पाहिली. डोळ्याच्या कोपऱ्यातून का होईना, पाहिली. आणि एक बोट वर केलं. थांब.

जोडीदाराला सोडून एकट्यानं वर जायचं नाही, हाही पहिल्याच धड्यातला नियम. मेधा थोडी थांबली. तो वर बघेना. मग ती त्याच्याकडे खाली निघाली आणि उतरता उतरता नाक दाबून तिनं जोरात फुंकलं. पुन्हा जोरात. कानात काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि सगळा समुद्र तिच्याभोवती फिरायला लागला. वर कुठे, खाली कुठे कळेना. तिनं हातपाय झाडले, तिच्या पायातल्या पंखांनी तळाची वाळू उसळली आणि प्रबोधच्या लेन्ससमोर सगळं धुरकट झालं.

"मला काय वाटलं माहिताय?" प्रबोध मला म्हणाला. "मला राग आला. फोटो घालवला म्हणून. मी मान वळवली ती रागानं वळवली."

त्यानं पाहिलं तर ती दगडाला धरून होती आणि तिची मान सरळ राहत नव्हती. मग मात्र त्यानं पेटी सोडून दिली, ती दोरीनं त्याच्या पट्ट्याला लोंबकळत राहिली. त्यानं मेधाला दंडाला धरलं आणि हळूहळू वर आणलं. बोटीवर आल्यावर तिला उलट्या झाल्या. समुद्र जरा खवळलेला होता, आणखीही दोघंतिघं आडवे झाले होते. सगळ्यांना वाटलं, बोट लागली. त्यालाही तसंच वाटलं. दुपारी दुसऱ्या डाइव्हची वेळ झाली तेव्हा ती फळीवर डोळे मिटून पडली होती. त्यानं विचारलं, "बरं वाटतंय का? मी जाऊ?"

"जा," ती म्हणाली.

रोलमध्ये निम्मे फोटो शिल्लक होते. तो गेला. गोगलगायींची जोडी तिथेच होती.

रविवारी ते परत आले. सोमवारी सकाळी विनीतानं चौकशीला फोन केला, तर मेधा म्हणाली, "तुझा आवाजच येत नाहीये, फोन बिघडलाय का?" मग तिनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला असावा. मग हळूच म्हणाली, "नाही. फोन ठीक आहे."

कानाच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या, पडून राहायला सांगितलं. चक्कर महिन्याभरात गेली. डाव्या कानाचं ऐकू येणं गेलं ते गेलंच. पुन्हा पाण्याखाली जायचं नाही, हेही सांगितलं. प्रबोधनं विचारलं, "शनिवारीच आणलं असतं तर?" डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, काही वेळा उपयोग होतो, काही वेळा नाही. हे "सांगता येत नाही" प्रबोधला सगळ्यात जड गेलं. काहीच उपयोग झाला नसता असं ते म्हणाले असते तर तो सुटला असता. आणि झाला असता असं म्हणाले असते तर पस्तावत बसायलाही एक नक्की जागा मिळाली असती, असं तो म्हणायचा.

दिवाळीत ते रत्नागिरीला गेले. मेधानं अप्पांना कानाचं सांगितलं ते सर्दीनं बिघडला इतकंच. प्रबोधला स्लाइड न्यायच्या नव्हत्या. तिनंच डबा बॅगेत भरला. अप्पांनी कॉलेजातून प्रोजेक्टर मागवला, माजघराच्या भिंतीवर धोतर ताणून बांधलं. पहिली स्लाइड पडली आणि म्हातारा खुर्चीतून उठला. भिंतीजवळ जाऊन, स्वतःची सावली पडू न देता, बाजूनं बघत राहिला. प्रत्येकीचं नाव सांगत होता. एकीपाशी त्याला नाव आठवेना तर स्वतःवरच चिडला. आणि ती वेटोळ्यातली जोडी भिंतीवर आली तेव्हा नुसता बघत उभा राहिला. मेधानं पुढची स्लाइड टाकायला बराच वेळ लावला.

सगळं संपल्यावर अप्पा वळले. "आता तुझा दाखव."

प्रबोध सांगतो, की त्या क्षणी त्याला पहिल्यांदा नीट कळलं, की तिचा एकही नाही. दोन हंगाम, ढिगानं स्लाइड, आणि तिचा एकही फोटो नाही. पुन्हा काढायचा म्हटलं तरी आता काढता येणार नाही. तो तोंड उघडणार, एवढ्यात मेधा म्हणाली, "माझा कसा असेल, अप्पा? फोटो सगळे मीच काढलेत."

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग प्रबोधकडे. "सगळे?"

"सगळे," मेधा म्हणाली. "हा नुसता सामान धरायला."

अप्पा एवढे हसले की त्यांना खोकला आला. दुसऱ्या दिवसापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी त्या स्लाइड दाखवल्या. आमच्या मेधानं काढल्यात. समुद्राच्या तळाशी जाऊन. प्रबोध प्रत्येक वेळी तिथे बसलेला असायचा आणि मान हलवायचा.

सिंगापूरला परतल्यावर त्यानं डायव्हिंग सोडलं. मेधानं सोडायला सांगितलं नव्हतं. पेटी, दांडे, फ्लॅश सगळं त्यानं क्लबातल्या एका जोडप्याला देऊन टाकलं. अप्पा अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये गेले. प्रबोधनं मनाशी ठरवलं होतं की पुढच्या खेपेला त्यांना खरं सांगायचं, फोटो कुणी काढले ते आणि कान कसा गेला तेही. ती खेप आली ती अप्पांच्या तेराव्याला. मेधाला त्यानं हे बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, "बरं झालं नाही सांगितलंस. तुला मोकळं वाटलं असतं. त्यांचं काय राहिलं असतं?"

हे सगळं त्यानं मला सलग सांगितलं ते नव्व्याण्णवमध्ये, सिंगापूरच्याच पुलाउ उबीन बेटावर. आम्ही दोन्ही घरं सायकली फिरवायला गेलो होतो. जेट्टीजवळच्या बाकावर आम्ही दोघं शहाळं पीत बसलो होतो आणि बायका जाईबरोबर पुढे गेल्या होत्या. बेटावर येताना बंबोटीवर, म्हणजे छोट्या लाकडी मोटारबोटीवर, इंजिनाच्या आवाजात मेधाला काही ऐकू येत नव्हतं. बाकीचे हसले की ती जरा उशिरा हसायची. माझ्या ते आधी कधी लक्षात आलं नव्हतं. प्रबोधच्या आलं होतं. तो तिच्याकडेच बघत होता.

मी त्याला विचारलं, तू तिची कधी माफी मागितलीस का?

"मागितली," तो म्हणाला. "मागच्याच महिन्यात. इतकी वर्षं धीर झाला नाही. म्हटलं, मेधा, तू खूण केलीस ती मी पाहिली होती. तर म्हणाली, मला माहीत आहे. तू बोट वर केलंस ना. म्हणाली, त्याचं मला काही नाही, खाली असं होतं माणसाचं, माझंही झालं असतं. कानाची सवय झाली मला."

मला वाटलं, सुटला बिचारा.

"मग म्हणाली, पण दुपारी तू परत गेलास. मी जा म्हटलं हे खरं. तरी तू जाशील असं मला वाटलं नव्हतं."

"मग तू काय म्हणालास?"

"ती कुकर बघायला आत गेली."

समोरच्या रस्त्यानं तिघी सायकलवरून परत येत होत्या. जाई सगळ्यात पुढे, तिच्यामागे विनीता, शेवटी मेधा. प्रबोध उठला, शहाळी टाकून आला आणि मेधानं सायकल लावल्यावर तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला. ती त्याला काहीतरी रस्त्यातल्या रानडुकरांबद्दल सांगत होती, तो मान वाकवून ऐकत होता.